प्लास मॉर्वाची बोली

पटो न पटो, हे घडलंय. नेस्टा वॉन माझ्या आईची मावशी. पदरचं एक अक्षर घालून बोलणारी बाई नव्हती ती.

रात्र नव्हती. १९२१ चा नोव्हेंबर, दुपारचे तीन. वेल्समध्ये, डोल्गेथलीच्या बाजारातल्या सरायीच्या माडीवर प्लास मॉर्वाचा लिलाव होता. घर, कुरणं, अकरा कुळांची शेतं... सगळं.

नेस्टाचे वडील, कॅप्टन वॉन, मार्चमध्ये खाडीच्या दलदलीत बुडाले. मागे उरली बँकेची गहाणखतं, नेस्टा आणि तिचा धाकटा भाऊ मेरिग.

एक लाकूडव्यापारी बोली लावत होता. दर वेळी परगावचा लिलाववाला प्रोबर्ट खिडकीकडे बघायचा आणि आकडा चढवायचा.

व्यापारी कंटाळून उठला. हातोडी पडली.

"घेतलं कुणी?" नेस्टाने विचारलं.

"खिडकीपाशी बसलेत ना, ते म्हातारे गृहस्थ. कोट ओलाचिंब आहे बिचाऱ्यांचा."

खिडकीपाशी रिकामी खुर्ची होती.

खुर्चीखाली पाणी साचलं होतं...

नेस्टाने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

घेणाराच नाही, म्हणून सौदा रद्द झाला. बँकेने जानेवारीची तारीख दिली. तोवर मेरिगने अंथरूण धरलं होतं. छातीत पाणी झालं होतं.

लिलावाची हकिकत ऐकून तो हसला. "म्हाताऱ्याला जिवंतपणी हे घर राखता आलं नाही, आता मेल्यावर विकत घेतोय. सांग त्याला ताई, छप्पर गळतंय म्हणावं."

पुढे नुसता खोकला.

लिलावाच्या दिवशी नेस्टा आधीच माडीवर गेली. त्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाबा, सोडा आता," ती हळूच म्हणाली. "मेरिगला डॉक्टर हवाय. विकू द्या."

खाली फरशी कोरडी होती.

तीन वाजता व्यापाऱ्याने बोली लावली. प्रोबर्टने खिडकीकडे पाहिलं.

"एक..."

नेस्टाने खुर्चीची पाठ धरली.

"दोन..."

प्रोबर्ट थांबला. पुन्हा खिडकीकडे बघत त्याने मान डोलावली. आकडा चढला. मग परत चढला. व्यापाऱ्याने टोपी उचलली आणि जिना उतरून गेला.

हातोडी पडली.

"पुन्हा तेच म्हातारे?" नेस्टाने विचारलं.

"नाही हो बाई. ते तर नको नको म्हणत होते, हात धरत होते त्याचा." प्रोबर्ट कागद आवरत म्हणाला. "त्यांच्या शेजारी बसलेला तो तरुण. या थंडीत अंगात नुसता झोपायचा सदरा..."

खिडकीपाशी कुणी नव्हतं.

ते घर मेरिगला कधीच आवडलं नव्हतं. त्याने बोली का लावली, हे मला अजून उमगलेलं नाही. फार विचार करायचा धीरही होत नाही.

सरायवाल्याने घोडागाडी देऊ केली. नेस्टा नको म्हणाली.

घरापर्यंतचे सहा मैल ती चालत गेली. घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.