गडग्याच्या रंगाची तोफ

ईस्टरच्या प्रदर्शनात नेनूने विस्तिनच्या तोफेला सगळ्यांदेखत "कस्टर्ड" म्हटलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

दोघंही माल्टातल्या सिजीवी गावचे. विस्तिन गणिताचे निवृत्त मास्तर, नेनू निवृत्त शिंपी. लढाईतल्या रणगाड्यांच्या आणि तोफांच्या छोट्या प्रतिकृती करायचं वेड दोघांना शाळेच्या बाकापासूनचं. कुणी मेलं, कुणाचं लग्न झालं, सरकारं आली नि गेली, हे दोघं आपले चिमट्याने इवलीइवली चाकं चिकटवत बसलेले.

भांडण रंगाचं होतं. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, बेटावर शत्रूची विमानं बॉम्ब टाकायची. तेव्हा वरून ओळखू येऊ नयेत म्हणून लष्कराने इथल्या तोफा शेताच्या गडग्यांसारख्या, दगडावर दगड रचलेल्या कुंपणांसारख्या, रंगवल्या होत्या. फिक्या दगडी रंगाचे ठिगळांसारखे तुकडे आणि मध्ये सांधीच्या गडद, वेड्यावाकड्या रेघा. एवढं फोटोत दिसतं. पण फोटो सगळे काळेपांढरे, त्यामुळे तो फिका रंग नेमका कोणता, हे कुणालाच ठाऊक नाही. विस्तिनने मधासारखा पिवळा दिला.

"हा घराच्या भिंतीचा रंग झाला," नेनू म्हणाला होता. "तोफ काय घर म्हणून लपवायची होती? गडगा करडा असतो, मास्तर. चाळीस वर्षं कापड हाताळलंय, मला रंग शिकवू नकोस. हे कस्टर्ड आहे. चमचा आणा कुणीतरी!"

सभागृह हसलं होतं. पाद्रीसुद्धा.

विस्तिनला ते लागलं. त्याचा बाप त्याच तोफखान्यात होता. बाप लढाईबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. तोफ कुठे होती, एवढंच एकदा बोलून गेला होता: कड्याकडच्या वाटेवर, कॅरोबच्या मोठ्या झाडाखाली, गडग्याला लागून. ऑगस्टात विस्तिनने ठरवलं की वाद पुरे, आता मोजमाप. त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर फिक्या रंगाच्या छटा रंगवल्या, टोपी घातली आणि निघाला.

"या उन्हात?" त्याची बायको जीझा म्हणाली. "गडग्याला पट्ट्या लावत बसलेला म्हातारा बघून लोक काय म्हणतील?"

"संशोधन चाललंय म्हणतील."

"मला फोन करून विचारतील, औषधं घेतली होती का त्याने."

झाड सापडलं, गडगाही सापडला. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसे. विस्तिन एकेक पट्टी दगडावर धरून बघत पुढे सरकत गेला. एकही जुळेना. पिवळी फार पिवळी, करडी फार करडी. मग झाडापासून थोड्या अंतरावर त्याने टेकायला म्हणून हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तिथला दगड गार होता.

मास्तरांनी कारणं शोधली. सावली? सावली पलीकडे होती. खाली विहीर असेल? असेलही. त्याने नखाने दगड खरवडला, तर नखात पापुद्रा आला. रंगाचा.

गडग्याला कोण रंग देतं? शेतकऱ्याला काम नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पापुद्रा रुमालात बांधला आणि तो जरा भराभरच घरी आला.

नमुना हातात आल्यावर रंग बनवणं सोपं होतं. थोडा पांढरा, चिमूट पिवळा, करड्याचा एक थेंब, आणखी अर्धा. रंग जुळला हे त्याला कसं कळलं? बशीतल्या रंगात ठेवलेला पापुद्रा दिसेनासा झाला तेव्हा. त्याने जुनी तोफ खरवडून नव्याने रंगवली, सांधीच्या रेघा ओढल्या आणि वाळल्यावर ती आपण बनवलेल्या छोट्या गडग्यापुढे ठेवली. चष्मा पुसून वर बघतो, तर तोफ नाही.

टेबलाखाली पाहिलं. खुर्चीखाली पाहिलं. जीझावर ओरडून झालं. तेवढ्यात जीझा ताटली घेऊन आली, रिकामी जागा बघून टेबलावर टेकवायला गेली, आणि ताटली कलंडून टोमॅटो चोळलेला पाव अधांतरी अडकला.

"अगं बाई! हे काय टोचलं?"

विस्तिनने पावाखाली हात घातला. बोटांना चाक लागलं, ढाल लागली, पावात घुसलेली नळी लागली. डोळ्यांना गडगाच दिसत होता.

"माझ्या पावाला भोक पाडलंस," जीझा म्हणाली. "आता हे खेळणं फडताळात ठेव. कुणाचा डोळा जाईल."

फडताळात ठेवेल तो विस्तिन कसला! त्याने तोफ खोक्यात घातली आणि थेट गावच्या बँड क्लबात नेनूच्या टेबलावर नेऊन मांडली. नेनूने चीज भरलेली खुसखुशीत पास्तित्सी खाता खाता एक डोळा वर केला.

"गडगा बरा जमलाय. तोफ कुठंय?"

"समोर."

"ईस्टरपासून बोलत नाहीस, आणि आता चेष्टा करायला आलास?"

"बोट लाव."

नेनूने लावलं, कळवळला आणि बोट तोंडात घातलं. मग चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. टेबलाच्या उंचीला डोळे आणून कितीतरी वेळ बघत राहिला. तोंडावर पास्तित्सीचा चुरा तसाच.

"रंग कुठून आणलास?" त्याने हळूच विचारलं.

"तोफेवरूनच, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? तू गणिताचा माणूस ना? मला दाखव. दाखवल्याशिवाय मी हरलो म्हणणार नाही."

नेनूच्या गाडीतून दोघं निघाले. वाटेत भांडण पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं आणि दोघांनाही फार बरं वाटलं. गाडी झाडाजवळ थांबली तरी नेनूचं करड्या रंगावरचं व्याख्यान संपलं नव्हतं.

"इथे," विस्तिन म्हणाला.

नेनूने काठीने गडगा ठोकला. ठक्. एक पाऊल पुढे, ठक्. आणखी एक.

टण्ण.

आवाज लांबत गेला. झाडावरचे किडे किरकिरायचे थांबले.

"पत्रा असेल," नेनू म्हणाला. "शेतकरी पत्रा लावतात."

"असेल."

नेनूने काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात दगडांवर टेकवले. शिंप्याचे हात ते, कापड चाचपावं तसे सावकाश फिरत गेले. गोल फिरले. खाली आले. कशाभोवती तरी मिटले.

"टायर आहे," तो म्हणाला. "विस्तिन, रबराचा टायर आहे. हवा भरलेली आहे."

दोघांच्या डोळ्यांना गडगा दिसत होता. सांधीत गवत, दगडावर पाल.

विस्तिनने शेजारी हात लावला. गार लोखंड. त्यावर ओशट, ताजं वंगण. त्याने बोटं नाकाशी नेली आणि तसाच उभा राहिला. लहानपणी बापाच्या कोटाला हाच वास यायचा.

"रंग बरोबर आहे," नेनू म्हणाला. आवाज अगदी बारीक. "कस्टर्ड मी परत घेतो. चल आता."

"पाद्र्यासमोर घेशील?"

"बिशपसमोर घेतो. चल."

ते वळले. तेव्हा गडग्याच्या माथ्यावर, सपाट दगडावर, पत्र्याचा मग दिसला. येताना तो तिथे नव्हता, असं दोघांनाही वाटलं.

मगात चहा होता, दुधाचा, काठोकाठ. त्यातून वाफ निघत होती.

"या उन्हात काहीही गरम राहतं," नेनू म्हणाला.

वारा नव्हता. कॅरोबचं एक पान हलत नव्हतं.

चहावर मगाच्या त्या कडेकडून या कडेला बारीक लाटा येत होत्या. थांबत होत्या. पुन्हा येत होत्या. पलीकडून कुणीतरी फुंकर घालत होतं.