तपकिरी कूज, पांढरी कूज

तो आमच्या लाकडाच्या वखारीत पहिल्यांदा आला, तो थेट माझ्या धाकट्या लेकीवरच आदळला. ती फळी उचलून वळली, आणि हा भिंग डोळ्याला लावून वाकूनच चाललेला!

"दिसत नाही का?" ती कडाडली.

"दिसतं... पण फक्त बुरशी."

असल्याला मी दारातूनच वाटेला लावलं असतं. पण वखारीच्या तुळयांना कूज लागली होती आणि ती तपासायला पाठवलेला तोच.

शाळेत मी चौथीच्या पुढे गेले नाही, तरी त्याने सांगितलेलं एका दमात कळलं. एक बुरशी लाकडातलं पांढरं खाते. उरतं ते तपकिरी, चौकोनी भेगांचं, बोटांत चुरा होणारं. दुसरी तपकिरीही सोडत नाही. उरतं ते फिकट, मऊ, ओढलं की दोरे सुटणारं. सांगता सांगता त्याने तो चुरा पोरीच्या तळहातावर ठेवला... आणि आपला हात मागे घ्यायला विसरला. मी खोकले.

तपासायला न्यायचे तुकडे त्याने दोन डब्यांत भरले. चिठ्ठ्या धाकटीने चिकटवल्या. आठवड्याने स्वारी पुन्हा हजर.

"चिठ्ठ्या उलट्या लागल्यात. तपकिरीवर पांढरी."

"अय्या, हो?" म्हणाली आमची पोरगी. नुसत्या वासावरून लाकूड ओळखणारी ती, आणि म्हणे चुकली!

"हे तुला कळलं कधी रे?" मी विचारलं.

"ती चिकटवत होती तेव्हाच, काकू."

"मग तोंड शिवलं होतं का?"

त्याचे कान लाल झाले. "परत यायला... कारण हवं होतं."

धाकटी गुळगुळीत फळीवरच रंधा मारत सुटली.

"उद्या मी चाललो," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या गावी नेमणूक झालीय. चार वर्षं."

रंधा थांबला. पोरीचा चेहरा उतरला. वखार तिच्या जिवावर चालते. ती कुठे जायची नाही. आणि हा विचारायचा नाही. दोघंही सभ्य! सभ्यपणाने कुणाचा संसार उभा राहिलाय?

"काकू, तुम्हीच काही बोला ना..."

"लाकडाचं मला विचार. पोरीचं पोरीलाच विचार."

तो तिच्याकडे वळला. "तुम्ही... याल?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही राहा."

"आणि माझं काम?"

"लाकूड काय तिथेच कुजतं?"

तो हसत सुटला. नेमणुकीचं पत्र काढून त्याने उलटं केलं आणि नकार लिहायला पेन्सिल मागितली. धाकटीने कानामागची काढून दिली. पण कागद तळहातावर धरून त्याला उभ्याने लिहवेना.

या वखारीत मी कुणालाच बसायला देत नाही. त्याच्याकडे मी माझं स्टूल सरकवलं.