शेवरबेटाची वाळू

प्रयोगशाळेत शिरताना काशीराम वाडीले यांना चपला बाहेर काढायला लावल्या, खिशातली काडेपेटी काढून घेतली आणि मग लिफ्टने तीन मजले खाली नेलं. खाली फक्त मंद तांबडा उजेड होता. वयाच्या ऐंशीव्या वर्षी माणसाला अंधाराचं फारसं काही वाटत नाही, पण अंधाराला इतका खर्च करून जपतात हे मात्र त्यांना नवीन होतं.

"काका, इथे बसा," त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञ डॉ. शलाका टेंभेकर म्हणाल्या. "आणि नियम लक्षात आहे ना? आम्ही दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी मिळून विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

काशीराम मान डोलवून बसले. बासष्ट घरांनी त्यांना इथे पाठवलं होतं. मूक प्रतिनिधी, असं त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर नदीच्या या काठावरून त्या काठावर हाका मारल्या, त्याला मूक प्रतिनिधी करणारं सरकार धन्यच म्हणायचं.

तांबरणी नदी दोन जलसंघांच्या, म्हणजे दोन वेगळ्या सरकारांच्या, मधून वाहते. एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. कराराप्रमाणे जिथे नदीचं पाणी सर्वांत खोल, तिथून सीमा. त्या ओळीला खोलधार म्हणतात. पूर्वी ही खोलधार शेवरबेटाच्या पूर्वेकडून जाई. बेट पश्चिमेचं होतं, आणि बेटावरची भोयांची बासष्ट घरंही. आज खोलधार बेटाच्या पश्चिमेकडून वाहते आणि पूर्वेचं पात्र वाळूने भरून गेलंय. आठ वर्षांपूर्वी सीमेवर कुंपण पडलं आणि बेट पलीकडे राहिलं.

"भांडण एवढंच आहे," डॉ. शलाका काशीरामांना समजावत म्हणाल्या, "नदी हळूहळू सरकली असेल तर सीमाही तिच्याबरोबर सरकते. बेट पूर्वेचं. पण नदीने एकदम उडी मारली असेल, तर सीमा जुन्या पात्रातच राहते. मग बेट तुमचं."

एकदमच मारली होती. काशीरामांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकोणपन्नास वर्षांपूर्वी, भाद्रपदातल्या एका दुपारी, जेवणाची ताटं अजून उचलायची होती तेव्हा पाणी घरात शिरलं आणि दिवस मावळेपर्यंत पूर्वेचं पात्र छातीभर वाळूने बुजून गेलं होतं. घरांची फक्त जोती उरली. हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल! पण लवादापुढे दोन्ही बाजूंची मिळून सहाशे प्रतिज्ञापत्रं आली, त्यातली तीनशे उरलेल्या तीनशेंच्या उलट होती, आणि लवादाने वैतागून माणसांची साक्षच बंद केली. आता साक्ष द्यायची ती वाळूने.

"वाळूला काय कळतंय?" न राहवून काशीराम पुटपुटले.

मेजापलीकडे पूर्वेचे तज्ज्ञ डॉ. नरहर बिडवई बसले होते. ते खरं तर रागवायला हवे होते, पण हसले. "कळतं, काका. वाळूचा कण उन्हात असतो तोवर त्याची पाटी कोरी असते. तो पुरला गेला, अंधारात गेला, की आजूबाजूच्या खडकांतला सूक्ष्म किरणोत्सार त्याच्यात साठत जातो. दर वर्षी थोडा थोडा. आमचा कणवाचक तो साठा मोजतो. म्हणजे या कणाने ऊन शेवटचं कधी पाहिलं, ते मोसमापर्यंत अचूक सांगतो."

"अन् पुन्यांदा ऊन लागलं तर?"

"पाटी पुसली. पहिल्यापासून सुरू. म्हणून तर हा सगळा अंधार."

जुन्या पात्रात बारा ठिकाणी, खालच्या काळ्या खडकापर्यंत नळ्या घुसवून वाळू आणली होती. सगळे कण एकोणपन्नास वर्षांपूर्वीचे निघाले तर नदीची उडी सिद्ध. वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तर ती हळूहळू सरकली. अकरा नळ्या वाचून झाल्या होत्या. बारावी यंत्रात होती.

काशीराम पडद्याकडे पाहत होते, पण त्यांना दिसत होतं ते बेट. कुंपण पडल्यापासून त्यांना वसाहतीत घर मिळालं होतं. नळ होता, पंखा होता, दारावर क्रमांक होता. मुलगा-सून काळजी घेत होते. तरी सकाळी उठलं की पाय आधी वाळू शोधायचे आणि त्यांना फरशी लागायची. त्या फरशीचा त्यांना मनापासून राग यायचा. मरायच्या आधी एकदा आपल्या जोत्यावर बसावं, बस, एवढंच त्यांना हवं होतं. ते कोणाला मोठं मागणं वाटो किंवा लहान.

यंत्र थांबलं. डॉ. शलाकांनी पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले.

"हिच्यातही तेच," त्या शेवटी म्हणाल्या. "एकोणपन्नास वर्षांचा एकही कण नाही. अठ्ठेचाळीस, एकतीस, बारा, चाळीस... हळूहळू सरकली म्हणायचं. काका, मला वाईट वाटतं."

काशीराम पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहत राहिले. आपणच खोटे ठरलो की काय? ती ताटं, ते पाणी, सगळं म्हातारपणी मनाने रचलेलं? क्षणभर त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना.

"थांबा," डॉ. बिडवई म्हणाले. खटला त्यांच्या बाजूने झुकला होता, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही जाईना. "नदी गाळ टाकते तो थरावर थर. जुनं खाली, नवं वर. इथे खडकाला टेकलेला कण दहा वर्षांचा आणि वरचा सत्तेचाळीसचा. सगळी सरमिसळ. शिवाय आकडे पाहा. अठ्ठेचाळीसपासून आठपर्यंत प्रत्येक वर्ष आहे. आणि आठाच्या आतलं एकही नाही."

"आठ वर्षांपूर्वी तर..."

"कुंपण पडलं. आता मला सांगा, नदीला कुंपणाची नोटीस कोणी बजावली?"

दोघेही एकदम काशीरामांकडे वळले. "काका, आम्ही दोघे मिळून विचारतोय. त्या पात्रात कोणी खणत होतं का?"

आणि काशीरामांना इतकं हसू आलं की त्यांना डोळे पुसावे लागले.

"अवो, आमीच की! कलिंगडं लावायचो. घरं ग्येली तरी वाळू व्हती न्हवं? उन्हाळा लागला की नावा घालून समदी बासष्ट घरं पल्याड जायाची. चार म्हयनं झोपड्या टाकून ऱ्हायाचं. पार खडकापतूर चर खणायचा, तळाला ओल घावती, तिथं बी टाकायचं. एक्केचाळीस उन्हाळं, एक बी चुकला न्हाई. तुमास्नी सांगतो, कलिंगडं म्हंजी निमित्त. आपल्या जोत्याम्होरं बसाया मिळायचं."

"उपसलेली वाळू?"

"दिसभर उन्हात पडायची, मंग पुन्यांदा चरात."

डॉ. शलाका खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे वाळू खोटं बोलत नाहीये! पुराचा दिवस वाळूत होता, तो उपसताना उन्हाने पुसला. सर, न खणलेला एक हातभर पट्टा मिळाला तरी पुरे. त्यात एकोणपन्नास सापडेल. काका, तुमच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांच्या मध्ये बांध असणारच. दर वर्षी त्याच जागी, न खणलेला. कुठे होता तो बांध?"

"बांध?" काशीराम ताठ बसले. या बाबतीत त्यांना मोठा अभिमान होता. "आमच्यात बांध न्हवता, बाई. बांध आला की भांडान आलं. समद्यांची जोती काय एका रांगेत न्हवती. कुनाला आपलं दार समोर दिसायचं, कुनाला पाठमोरं. मंग कुनी रुसून का बसायचं? म्हून दर साली चिठ्ठ्या टाकायचो अन् नव्यानं पायानं रेघा वढायचो. आज माझ्या दाराम्होरं मी, तर फुडल्या साली दुसरा. एक्केचाळीस वर्सांत एक रेघ दोनदा त्याच जागी पडली न्हाई."

शाबासकीची वाट पाहत काशीरामांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली.

डॉ. बिडवईंनी चष्मा काढला. समोरच्या पक्षाचा तज्ज्ञ, पण आता तोच गयावया करत होता. "काका, नीट आठवा. एखादा कोपरा? देवाची जागा? पडीक ठेवलेला तुकडा?"

काशीरामांनी डोळे मिटले आणि मनाने ते सगळं पात्र चालून आले, वरच्या खडकापासून खालच्या डोहापर्यंत. इथे पुंजाबाईचा वेल, तिथे धाकट्या भावाचा, इथे आपण आणि आपली बायको लक्ष्मी शेवटच्या साली. हात टेकायला जागा सापडेना जिथे कोणीतरी आपलं माणूस वाकून खणत नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "तसूभर बी सोडली न्हाई."

"निकाल देता येत नसेल तर आजची खोलधार हीच सीमा," डॉ. शलाका अगदी हळू म्हणाल्या. "करारात तसंच आहे."

"म्हंजी आमी घरी बसलो असतो, तर बेट आमचं ऱ्हायलं असतं."

"हो, काका."

"अन् नुसता एक बांध घातला असता, तरी बी."

त्यांनी नुसती मान हलवली. काशीरामांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही. एकमेकांत रेघ मारली नाही याचं त्यांना जन्मभर कौतुक वाटलं होतं, आणि आता तेच एवढं महाग पडलं होतं. पण मागे जाऊन बांध घालावासा वाटतो का, असं स्वतःला विचारलं तेव्हा मन कबूल होईना. याचंच त्यांना जास्त रडू आलं.

बऱ्याच वेळाने डॉ. बिडवई उठले. मेजावरच्या बाराव्या नळीत अर्धी वाळू शिल्लक होती. "ही आता लवादाला लागणार नाही. काका, घेऊन जा घरी. तुमच्याच बेटाची आहे. थांबा, दिवा लावतो, पिशवीत नीट भरून देतो."

त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला तसे काशीराम या वयात उठू नये इतक्या झटकन उठले आणि त्यांनी तो हात धरला.

"नगा, सायेब. दिवा नगा लावू."

"का?"

"तुमीच म्हनला न्हवं, एक्केचाळीस सालं हायेत तिच्यात? एक बी चुकल्यालं न्हाई म्हून?" त्यांनी अंधारात चाचपडत नळीचं टोपण घट्ट बसलंय ना ते पाहिलं. "उजेड लागला तर ती बी जातील. ऱ्हाऊ द्या हितंच अंधारात. आमी तिथं व्हतो, ह्ये आता तिलाच ठावं हाय."