टिंबूच्या पोटातला कापूस

मैनाबाई पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे मोजून लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अमरावतीतल्या फ्रेझरपुऱ्याच्या घरात टेबलावर वही उघडी होती: पहिल्या ओळीत मुक्या खांबाचे सहा टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा. क्रोशाच्या सुईवर पिवळा टिंबू आकार घेत होता. टिंबू म्हणजे अकोल्याच्या नातीच्या, करिश्माच्या मोबाइल गेममधला मुठीएवढा गडी. खेळणारा जाईल तिथे हा त्याच्या मागं मागं.

"आजी, त्याले तोंड नको काढू," करिश्मानं फोनवर बजावलं होतं. "तो बोलत नाही, नुसता संग राह्यते."

रविवारी तिचा वाढदिवस. मुलगा स्वप्निल तर म्हणाला होता, "आई, या खेपेले कपडे जास्त आण. आता इथंच राय." नवरा, देवमनराव, गेल्यापासून आठ महिने बाई भिंतींशी बोलत होत्या; मुलाचं बोलणं ऐकून त्यांना रडूच फुटलं. बॅग गुरुवारीच भरून झाली.

शनिवारी सकाळी टिंबूच्या टाळूवरचं भोक तेवढं मिटायचं राहिलं, आणि आत भरायचा फायबर संपला. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, म्हणून बाईंनी सगळं देऊन टाकलं होतं. देवमनरावांची उशी मात्र द्यायला जीव होईना म्हणून कपाटात लपवली होती. नांदगाव खंडेश्वरच्या दिराच्या शेतातला कापूस, चांगला दोन किलो. त्यांनी उशी उसवली.

चिमूटभर कापूस आत गेला. मग मूठभर. टिंबू काही फुगेना. बाईंनी खांब पुन्हा मोजले. वहीत एकही चूक नव्हती.

बारा वाजता शेजारच्या पार्बताबाई डोकावल्या.

"अजून भरूनच राहिली का वं? अकोल्याले नाही जाचं?"

"एकची गाडी हाये. झालंच."

पार्बताबाईंनी टिंबू उचलला आणि लगेच खाली ठेवला. "उन्हात ठेवला होता का? गरम लागून राहिला." त्या चहालाही थांबल्या नाहीत.

दीड वाजता उशीची खोळ रिकामी झाली. दोन किलो कापूस म्हणजे केवढा ढीग, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. बाईंनी टिंबू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एकशे दहा ग्रॅम. पुन्हा ठेवला. तेवढंच.

शेवटच्या टाक्यांतून लोकर ओवलेली होती. टोक ओढलं की भोक मिटणार. त्याआधी बाईंनी तर्जनी आत घातली.

आत कापूस नव्हता.

बोट मुळापर्यंत गेलं, तरी कशालाच लागेना.

मग आतून कुणीतरी ते धरलं. घट्ट नाही. गर्दीत हात सुटू नये म्हणून धरतात, तसं.

फोन वाजला. करिश्माचा होता. बाईंनी डावा हात फोनकडे नेला, तशी आतली पकड सैलावली.

बाईंनी डावा हात तिथंच थांबवला. आठ महिन्यांत त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

फोन वाजून वाजून थांबला.

मैनाबाईंनी डाव्या हातात लोकरीचं टोक घेतलं आणि सावकाश ओढलं. टाके त्यांच्या बोटाभोवती आवळत गेले.