भिंतीवरचा थोरला

सहा जूनला, कोरियातल्या लढाईत गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, सकाळी साडेआठलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. मुल्गोलच्या स्मृती-उद्यानाच्या ऑफिसात, खिडकीपुढच्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्यो जोंगरे सलग सातव्या वर्षी येऊन बसली होती. मांडीवर तीच पिवळी फाईल, आणि खिडकीपलीकडं पुन्हा नवा कारकून. दर दोन वर्षांनी कारकून बदलायचा आणि जोंगरेला पहिल्यापासून सगळं पुराण लावावं लागायचं. सहासष्ट वर्षांची बाई ती, बाजारात तीस वर्षं किमची नि वाटीवाटीनं विकायच्या भाज्यांचं दुकान चालवलेली. गिऱ्हाइकाला ती दोन वाक्यांत गप्प करायची. पण या खिडकीपुढं तिनं कधीच हात टेकले होते.

"मावशी, तुमच्या कागदांत चूक काहीच नाही," कारकून म्हणाला. "लष्कराच्या नोंदीत प्यो इल्सोप लढाईत मयत. घरच्या नोंदीत इल्सोप मयत. बाहेर भिंतीवर इल्सोपचंच नाव. तुमचे वडील प्यो गिसोप, धाकटे भाऊ, ते हयात. सगळं जुळतंय की."

"जुळतंय तेच खोटं आहे. दवाखान्यात पडलाय तो इल्सोप. मेला तो गिसोप."

"मग तुमचे वडील इल्सोप आहेत, असं त्यांना सिद्ध करावं लागेल. पण इल्सोप मयत आहेत. मयत माणसाचा अर्ज मला घेता येत नाही."

हा माणूस थट्टा करत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिचं डोकं आणखीच फिरलं.

घडलं होतं ते असं. एकोणीसशे एक्कावन्न साली, लढाई चालू असताना, भरतीची चिठ्ठी आली ती थोरल्या इल्सोपच्या नावानं. जोंगरेच्या आजोबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी धाकट्या गिसोपच्या पाठीवर गाठोडं बांधलं. थोरल्याला काही झालं तर वाडवडिलांच्या श्राद्धाला कोण बसणार, एवढाच त्यांचा हिशेब. त्या काळी घरोघर हाच हिशेब होता. एकोणीस वर्षांचा गिसोप भावाचं नाव सांगत गेला आणि तीन महिन्यांत भावाच्या नावानं मेला. प्रेत सापडलं नाही. कागदावर इल्सोप संपला. मग जिवंत इल्सोपनं काय करावं? आजोबा तुरुंगाला घाबरणारे. त्यांनी सांगितलं, आजपासून तू गिसोप. नंतर धरण झालं, अख्खं गाव पाण्याखाली गेलं, खरं ठाऊक असलेले शेजारी चहूकडं पांगले आणि एकेक करून मेले. दर वर्षी श्राद्धाला मेलेल्याचं नाव लिहून घरात जो कागद लावतात, त्यावरही इल्सोपच लिहायचं, कुणी पाहिलं तर पंचाईत नको म्हणून. म्हणजे जोंगरेचा बाप बहात्तर वर्षं स्वतःच्याच नावापुढं जेवण मांडून डोकं टेकवत आला होता. आई गेल्यावर, सात वर्षांपूर्वी, त्यानं हे पोरीला सांगितलं आणि त्या दिवसापासून तिच्यामागं हे लचांड लागलं.

आता बाप पंचाण्णव वर्षांचा, कागदावर एक्याण्णव. म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर पडून होता. नऊ दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. हिवाळ्यापासून डॉक्टरांनी तीनदा घरच्यांना बोलावून घेतलं होतं, आज नाही तर उद्या म्हणून, आणि तिन्ही वेळा म्हाताऱ्याचा गेलेला श्वास परत आला होता. जोंगरेनं एकदा थापही मारून पाहिली, की नाव बदललं भिंतीवरचं, आता निवांत जा. तर म्हातारा म्हणाला, फोटो दाखव.

"माझ्या नावानं तो गेलाय," तो परवाच म्हणाला होता. "त्याला त्याचं नाव मिळाल्याशिवाय मी कसा जाऊ? आणि गेलो तर कुणाच्या नावानं जाऊ?"

त्याची सुटका व्हावी, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी एक शिक्का पाहिजे होता. कारकुनानं फाईल अदबीनं, दोन्ही हातांनी परत केली. गावातले दोन हयात साक्षीदार आणा, म्हणाला. हाडं सापडली तर तपासणी करता येते, पण तीही फक्त भाऊ आहे एवढंच सांगेल, कुठला भाऊ ते नाही.

ती तणतणत बाहेर पडली. समारंभाला अजून अवकाश होता. खालच्या पटांगणात खुर्च्या मांडणं चाललं होतं, माईकवरून कुणीतरी एक, दोन, एक, दोन म्हणत होतं. भिंत वरच्या अंगाला, पाइनच्या झाडांखाली. काळ्या दगडाच्या अकरा शिळा, पुढं पांढऱ्या खडीची वाट. जोंगरेला शोधावं लागत नव्हतं. चौथी शिळा, खालून तिसरी ओळ.

तिथं आधीच जेवण मांडलेलं होतं.

पितळी वाटीत भात, त्यात श्राद्धाच्या रीतीनं उभा खोवलेला चमचा, शेजारी सुका मासा आणि दारूचा पेला. तिला आधी रागच आला. कुणीतरी चुकून दुसऱ्याच्या नावापुढं मांडून गेलं असणार, आणि तेही धड नाही. सगळं उलटं. उजवीकडचं डावीकडं, डावीकडचं उजवीकडं. दुकानातल्या पोरींना अशा मांडणीवरून तिनं कितीदा झापलं असेल. ती वाकली. भातातून अजून वाफ येत होती. चमचा जुना, पितळी, झिजलेला. खरवड काढून काढून चमचे झिजतात ते एका कडेला, आणि तिच्या घरचे सगळे चमचे डाव्या कडेला झिजलेले होते. हा उजव्या कडेला झिजला होता, डावखुऱ्याच्या हातात झिजावा तसा.

खडीतलं तण काढणारी एक बाई पलीकडं बसली होती. आडनाव बांग, अकरा वर्षं या बागेत कामाला. जोंगरे तिला तोंडओळखीनं ओळखत होती. हे कुणी मांडलं, असं तिनं विचारलं.

"तुमच्याकडचाच असेल की, ताई. दर वर्षी येतो. मी फाटक उघडते तेव्हा बाहेर उभाच असतो."

"कोण?"

"तरणा पोरगा आहे. थोरला भाऊ लढाईत गेला म्हणे, त्याच्यासाठी आणतो. त्याला वाढतो आणि बसून राहतो." बांगबाईनं खुरपं खडीवर आपटून माती झाडली. "आम्ही म्हातारे झालो, तो आहे तसाच आहे. नशीबवान आहे बिचारा. फक्त पाय तेवढे ओले असतात त्याचे. घरी गेलो होतो, म्हणतो, पण सगळीकडं पाणीच होतं."

एक्कावन्न साली मेलेल्याला तरणा भाऊ असेलच कसा, हे उघड होतं. कॉलेजची मुलं समाजसेवा म्हणून येतात, एकेक नाव वाटून घेतात, हे जोंगरेनं टीव्हीवर पाहिलं होतं. त्यातलाच असेल एखादा. पाय ओले, कारण गवतात दव असतं. तिनं हे सगळं मनात नीट लावून घेतलं.

"दर वर्षी मला विचारतो, ताई," बांगबाई म्हणाली. "घर आता कुठं आहे, ठाऊक आहे का म्हणून. मला कुठलं ठाऊक?" आणि ती तण भरलेली पाटी घेऊन खाली निघून गेली.

आता जोंगरे आणि भिंत दोघंच. माईकवाला अजून एक, दोन करत होता. तिच्या मनात सात वर्षांचा संताप एकदम वर आला. त्या कारकुनाचा, त्याच्याआधीच्या कारकुनांचा, आजोबांचा, आणि खरं सांगायचं तर बापाचाही. धड जगला नाही आणि धड मरत नाही. तिनं फाईल उघडली. श्राद्धाला मेलेल्यापुढं मोठ्यानं मजकूर वाचायची रीत असतेच. त्या खिडकीत तिचा अर्ज कुणी धड वाचला नव्हता. मग इथंच वाचते, म्हणाली, तू तरी ऐक.

आणि तिनं तो अर्ज पहिल्या शब्दापासून भिंतीला वाचून दाखवला. भरतीची चिठ्ठी कुणाच्या नावानं आली, गेला कोण, मेला कोण. अर्जदार प्यो इल्सोप, हयात. हल्लीचा पत्ता. तोही तिनं रागारागात वाचला: शहर, रस्ता, दवाखाना, तिसरा मजला, खोली तीनशे सात, खिडकीजवळची खाट.

झाडांतला वारा थांबला होता.

बरोबर दहा वाजता भोंगा झाला. देशभर वाजतो तो, मिनिटभर. खाली पटांगणात माणसं होती तिथं उभी राहिली. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. जोंगरेनं फाईल छातीशी धरली आणि मान खाली घातली.

भोंग्यातच तिला खडीवर पावलं ऐकू आली.

तिच्या मागून निघाली, हळू, मग भरभर. फाटकाकडं. मिनिटभर तरी माणसानं उभं राहू नये? तिनं वैतागून मान वर केली.

कुणीही हलत नव्हतं. बांगबाई पाटी खाली ठेवून उभी होती. कारकून ऑफिसच्या दारात, हात बाजूला सरळ.

दगडी पायऱ्यांवर मात्र ओली पावलं उमटली होती. अनवाणी. वरून खाली गेलेली. बघता बघता ती उन्हानं वाळून गेली.

भोंगा थांबला. जोंगरेनं वळून पाहिलं. वाटीतला भात तसाच होता. त्यात खोवलेला चमचा नव्हता. तिथं नुसती खाच राहिली होती.

पर्समधला फोन वाजत होता. दवाखान्यातली नर्स. आला तो निरोप, असं जोंगरेला वाटलं.

"घाबरू नका," नर्स म्हणाली. "चांगली बातमी आहे. आजोबा उठून बसलेत. भात मागतायत."

टॅक्सीत ती चाळीस मिनिटं मुठी आवळून बसली. नऊ दिवस अन्नाचा कण गिळत नव्हता तो माणूस. जाण्याआधी असं होतं, हे तिला ठाऊक होतं. आईचं तसंच झालं होतं. निदान भेट तरी होऊ दे, एवढंच ती म्हणत होती.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशीच नर्स भेटली. हसत होती. आजोबांनी आज पहाटेपासून खोलीचं दार सताड उघडं ठेवायला लावलंय, म्हणाली, बंद केलं की ओरडायचे. जोंगरेला त्यात नवल वाटलं नाही. श्राद्धाच्या दिवशी दार उघडं ठेवतातच, येणाऱ्याला आत येता यावं म्हणून.

"आणि कॉरिडॉरमध्ये जपून चाला," नर्स म्हणाली. "कुणीतरी पाणी सांडलंय. मघाशीच पुसलं, तरी ओलंच."

तीनशे सातचं दार उघडं होतं. म्हातारा उशीला न टेकता ताठ बसला होता. पाठ एवढी सरळ तिनं कधी पाहिली नव्हती. मांडीवरच्या ट्रेवर भाताची वाटी. तो भराभरा जेवत होता, कुणी ओढून घेईल की काय, असा.

नर्स गोळ्या घेऊन आली. गोळी देण्याआधी इथं दर वेळी नाव विचारतात. नाव सांगताना तिचा बाप नेहमी अर्धा श्वास अडखळायचा. जन्मभर अडखळला होता. लहानपणी तिला वाटायचं, बाबांना ऐकू कमी येतं.

"आजोबा, नाव सांगा बघू."

"प्यो गिसोप," तो ताबडतोब म्हणाला.

"शाब्बास," नर्स म्हणाली आणि कागदावर खूण केली.

जोंगरे खाटेजवळ गेली. बाबा, अशी तिनं हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. तिची नजर त्याच्या हाताकडं गेली. चमचा पितळी होता, उजव्या कडेला झिजलेला, आणि त्यानं तो डाव्या हातात धरला होता.

फाईल अजून तिच्या काखेत होती. आता त्या भिंतीवर बदलायला काहीच उरलं नव्हतं. लष्कराच्या नोंदीत, घरच्या नोंदीत, दगडावर, खाटेच्या पाटीवर, सगळीकडं बरोबर होतं.

त्यानं वाटी खरवडून पुसली. मग वर पाहिलं. डोळे बापाचेच होते. त्यानं तिच्याकडं, तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, आणि परक्या घरी जेवायला बसलेला पोरगा जसा बिचकत मागतो, तशी दोन्ही हातांनी वाटी पुढं केली.

"आजी," तो म्हणाला, "अजून थोडा भात मिळेल का?"