शुक्रवारी डेल टाकणार होता

बेसबॉलच्या मैदानात, तिसऱ्या बेसजवळच्या कठड्याला, चक्क एक 'क' लटकत होता. कमळातला क. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगात, चांगला गोल पोटाचा. इला नाचोजचा ट्रे सांभाळत पायऱ्या उतरत होती, ती जागीच थांबली.

पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, बॅटरला तीन स्ट्राइकमध्ये बाद करून घरी पाठवलं, की प्रेक्षक इंग्रजी 'के' लिहिलेला एक पुठ्ठा टांगतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती इथेच, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये जन्मलेली. पण 'क'? इथे?

"हे तुमचं काम?" तिनं पुठ्ठ्यामागच्या उंच, सावळ्या तरुणाला विचारलं.

"हो. काहून?"

"काहून म्हणजे?"

"म्हणजे... का!" तो हसला. "नागपूरचा आहे मी. मराठी असून काहून माहीत नाही तुम्हाला?"

"आमच्या घरी सांगलीचं मराठी आहे. आणि तेही फक्त रविवारचं." मग तिनं दुसऱ्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा उलटा का लावलाय?"

"बॅटरनं बॅट फिरवलीच नाही, नुसता बघत राहिला, तर उलटा. तुमच्याच देशाचा नियम आहे."

"माहितीये. तुम्हाला टेस्ट करत होते."

"मग? पास?"

उत्तर द्यायच्या आतच मैदान उभं राहिलं. डेल हॅनिगननं चेंडू टाकला होता. फलकावर वेगाचा, ताशी मैलांचा आकडा उमटला आणि सहा हजार माणसं एका सुरात ओरडली — "एकशे एक!"

डेल वीस वर्षांचा होता. तीन तासांवरच्या मक्याच्या शेतातून आलेला, लांब हातांचा, लाजरा मुलगा. त्याचा हेरन्स हा गावातला तसा छोटाच संघ. तिथून वर शिकागोच्या मोठ्या संघात जायचं. डेल लवकरच जाणार, याविषयी गावात कुणाला शंका नव्हती. न्हाव्याच्या खुर्चीत, कॉफीच्या रांगेत, पेट्रोलपंपावर त्याचीच चर्चा. तो टाकणार त्या दिवसाला लोक 'डेल-डे' म्हणायचे आणि मक्याची कणसं घेऊन मैदानात यायचे. त्याच नावाचं एक पेज फोनवर चाळीस हजार लोक बघायचे. ते पेज या नागपूरकराचं — शंतनूचं — होतं, हे इलाला त्याच दिवशी कळलं.

कारण पाचव्या इनिंगमध्ये पाऊस आला. मैदानावर ताडपत्री ओढली गेली, आणि सगळी गर्दी छपराखाली गोळा झाली. इलाबरोबर आलेले क्लिनिकमधले सहकारी घरी पळाले. ती मात्र राहिली... का राहिली, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

"काय करता तुम्ही?" शंतनूनं आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवत विचारलं. छपराची एक पन्हाळ नेमकी तिच्यावरच गळत होती.

"एमआरआय काढते. दिवसभर लोकांना 'हलू नका' सांगते."

"मला नाही सांगणार?"

"तुम्हाला सांगून काही उपयोग होईल असं वाटत नाही."

पाऊस दीड तास पडला. दोघांनाही तो कमीच वाटला.

मग सगळा उन्हाळा डेल-डेंच्या हिशेबानं सरला. दर पाचव्या-सहाव्या दिवशी तिसऱ्या बेसजवळ दोघं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. आजूबाजूचे गोरे आजोबासुद्धा आता 'क' मागून घ्यायचे, आणि हमखास आडवा धरायचे. शंतनू विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचा, व्हिसावर होता, पण डेलविषयी बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच यायचं.

ते काय, हे इलाला जुलैत समजलं. त्याच्या घरी वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढताना त्यानं डावा हात वापरला.

"उजवा वर जात नाही," तो सहज म्हणाला. "एकोणीस वर्षांचा असताना फास्ट बोलिंग करायचो. युनिव्हर्सिटीची मॅच होती. खांदा दुखत होता. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं — खेळवू नका. सरांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. मी बावीस ओव्हर टाकल्या." तो डब्यातली पावडर मोजत राहिला. "तो कागद मला नंतर दिसला. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं ना यार..."

इलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती नेहमीच अशी. मनात आलेलं ओठांपर्यंत यायला तिला फार वेळ लागायचा. पण चेहरा मात्र काचेसारखा — सगळं आरपार दिसायचं. शंतनू तिला चिडवायचा, "तुझ्याशी पत्ते खेळायला मजाच नाही."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नदीकाठच्या फरसबंद वाटेवर चालता चालता तो अचानक थांबला. "एक सांगू? मले तू लय आवडते."

मुद्दाम त्या बोलीत, हसण्यावारी नेता यावं म्हणून. पण त्याचे कान लाल झाले होते.

'हो' इलाच्या जिभेच्या टोकावरच होतं. पण तिला वाटलं, इतकी घाई कशाला? अशी गोष्ट जरा जपून, सावकाश उघडावी...

"सीझन संपू दे," ती हसून म्हणाली. "मग सांगते."

"सप्टेंबरपर्यंत?"

"तेवढं थांबवत नाही?"

"थांबतो ना," शंतनू म्हणाला. "तुझ्यासाठी एक्स्ट्रा इनिंगपण थांबतो."

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी, डेल हॅनिगन तिच्या मशीनवर आला.

क्लिनिकचं हेरन्सशी काम होतं, खेळाडू अधूनमधून यायचे. पण डेल पहिल्यांदाच आला होता. जवळून तो फारच लहान दिसत होता. टेबलाबाहेर आलेल्या मोठ्या पायांत दोन वेगवेगळे मोजे होते. "मॅम, किती वेळ लागेल? शुक्रवारी टाकायचंय मला," तो म्हणाला.

इला डॉक्टर नव्हती. पण नऊ वर्षं कोपर-गुडघे बघितल्यावर डोळ्यांना कळतं. पडद्यावर उजव्या कोपराचं चित्र उमटलं. हाडाला हाड बांधणारा आतल्या बाजूचा तो छोटासा पट्टा — ज्याच्या जोरावर सगळं फेकणं — अर्ध्याहून जास्त फाटला होता.

"वाईट दिसतंय का, मॅम?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"मला सांगता येत नाही. डॉक्टर सांगतील." हे वाक्य तिनं हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी म्हणताना तिला त्याच्याकडे बघवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती शंतनूकडे गेली, तेव्हा तो जमिनीवर बसून पुठ्ठे कापत होता. शुक्रवारचा सामना म्हणजे सणच होता. सगळी तिकिटं संपलेली. डेलचा हा इथला शेवटचा सामना, मग तो थेट शिकागोला, अशी कुजबुज होती. पेजवर लोक वेडे झाले होते.

"पंधरा कापलेत," शंतनू म्हणाला. "पुरतील?"

"शंतनू... उद्या आपण नको जाऊ या."

"काय?"

"दुसरीकडे जाऊ. लेकवर. कुठेही."

तो हसत वर बघायला लागला, आणि त्याचं हसू हळूहळू विझलं.

"इला. काय झालं?"

"काही नाही."

"डेल? तुझ्याकडे आला होता?"

ती खिडकीकडे वळली. 'मला काही माहीत नाही' — एवढंच म्हणायचं होतं. एक साधं, खोटं वाक्य. ते वेळेवर आलं नाही.

"हात आहे ना त्याचा?" शंतनूचा आवाज बदलला होता. "कोपर?"

"मी काहीही सांगितलेलं नाही. तू काहीही ऐकलेलं नाहीस. प्रॉमिस कर. माझी नोकरी आहे, शंतनू. आणि ते त्याचं आहे — त्यानं सांगायचं."

"पण ते उद्या त्याला टाकायला लावतील!"

"प्रॉमिस कर."

पुठ्ठे बाजूला सारून तो म्हणाला, "बरं."

शुक्रवारी सकाळी अकराला क्लिनिकच्या कॉफीमशीनपाशी कुणीतरी फोन तिच्यासमोर धरला. डेल-डेच्या पेजवर चारच ओळी होत्या — डेलला आज टाकू देऊ नका. त्याचं कोपर दुखावलंय. खात्रीची बातमी आहे. संघाला फोन करा.

लोकांनी फोन केले. हजारोंनी केले. दुपारी संघानं जाहीर केलं, डेल खेळणार नाही.

सोमवारी सुपरवायझर पॅट्रिशियानं इलाला खोलीत बोलावलं. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. तिनं सांगितलं ते असं, की डेलला टाकू द्यायचं नाही हे संघानं बुधवारीच ठरवलं होतं. फक्त जाहीर करायला दोन दिवस थांबा, असं डेलनंच मागितलं होतं. शुक्रवारी दुपारी घरी जाऊन त्याला आईला स्वतः सांगायचं होतं. तो पोहोचायच्या आधी, बियाण्यांच्या दुकानात, कुणा अनोळखी माणसानं आईचा हात हातात घेऊन म्हटलं, "पोराच्या हाताचं ऐकलं. फार वाईट झालं."

"इला, तू सांगितलंस?"

"शब्दानं नाही," इला म्हणाली. "पण माझ्याकडूनच कळलं."

खोटं बोलायची वेळ होती तेव्हा ती बोलली नव्हती, आणि आता बोलायची तिची इच्छा नव्हती. नोकरी गेली.

शंतनू खाली पार्किंगमध्ये उभा होता. तीन दिवस झोपला नसावा.

"मला वाटलं, मी त्याला वाचवतोय."

"ते वाचवणारच होते त्याला."

"मला काय माहीत! माझ्या वेळी कुणीच..." त्यानं उजवा खांदा दाबून धरला. "मी दुसऱ्यांदा तो कागद ड्रॉवरमध्ये जाऊ देऊ शकत नव्हतो, इला."

"आणि मी?" ती म्हणाली. "मला कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवलंस?"

तो एक पाऊल पुढे आला. त्या वेळी तिनं नुसता हात पुढे केला असता, तरी पुष्कळ झालं असतं. तिला ते कळतही होतं. पण तिनं गाडीचं दार ओढून घेतलं.

त्याचे फोन आणि मेसेज महिनाभर येत राहिले. फोन ती उचलायची नाही, मेसेज वाचायची, उत्तर लिहायची, पुसायची. सीझन संपला. त्यानं पेज बंद केलं. नोव्हेंबरमध्ये तो नोकरी बदलून पार पूर्वेकडच्या अ‍ॅशबर्नला गेल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि इलानं "अच्छा" म्हटलं.

दीड वर्ष गेलं. तिला दुसऱ्या गावात, दुसऱ्या मशीनवर काम मिळालं. डेलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती. फेब्रुवारीत बातमी आली, तो पुन्हा चेंडू टाकायला लागलाय. नेपरव्हिल पुन्हा त्याच्या वेगाच्या आकड्यांवर बोलू लागलं. त्या शनिवारी सकाळी इला गाडीत बसली आणि तीन तास दक्षिणेला गेली.

डेलच्या आईनं दार उघडलं. इलाचं नाव ऐकल्यावर त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग बाजूला झाल्या. स्वयंपाकघरात कॉफी ओतून समोर बसल्या. इलानं गाडीत पाठ केलेली माफी अर्ध्यावरच अडकली.

"मला राग आला होता," त्या बाई म्हणाल्या. "अजूनही थोडा आहे. पण तुझ्यावर नाही. तो मुलगा येऊन गेला ना."

"कोण?"

"तुझा मित्र. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये. याच खुर्चीत बसला होता. मला म्हणाला, त्या मुलीनं तोंडातून अक्षर काढलं नाही. मी तिच्या चेहऱ्यावरून चोरलं. जे बोलायचं ते मला बोला." त्यांनी कप फिरवला. "रडला तो. मी म्हटलं, हे तिला जाऊन सांग. तर म्हणाला, ती फोन उचलत नाही."

बाहेर येऊन इला गाडीत बसली. शेतांवर बर्फ होतं, मक्याचे खुंट त्यातून वर आलेले. तिनं नंबर लावला. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"इला?"

"मी हॅनिगनकडे आलेय. त्यांनी सांगितलं... तू आला होतास ते."

"हो." थोडं थांबून त्यानं विचारलं, "त्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. शंतनू, मी फोन उचलायला हवा होता."

"मीही गप्प बसायला हवं होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. एक मुलगी मराठीत विचारत होती, पोहे आत्ता करू की नंतर. "नंतर," तो हळूच म्हणाला. मग फोनमध्ये, आणखी हळू, "नैना आहे. मेमध्ये लग्न आहे आमचं."

"अरे वा," इला म्हणाली. आणि तिला खरंच तसं म्हणायचं होतं... बहुतेक. "छान आहे?"

"छान आहे. भांडते खूप. मनात काही ठेवत नाही."

दोघंही जरा हसले.

"सीझन संपल्यावर सांगणार होतीस तू," तो म्हणाला. "एक गोष्ट."

"हो म्हणणार होते."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"तुझ्या चेहऱ्यावर काय लपतं, इला? नदीवर त्याच दिवशी दिसलं होतं. पण एकदा ऐकायचं होतं ग."

तिनं फोन कानाशी धरून ठेवला. तोही ठेवत नव्हता. शेवटी पलीकडून नैनानं पुन्हा हाक मारली, तेव्हा इलाच म्हणाली, "जा. पोहे थंड होतील."

"अजून केलेच नाहीत."

"तरी जा."

फोन बंद झाला. इलानं गाडी सुरू केली आणि उत्तरेकडे वळवली. घरी पोहोचेपर्यंत तिनं रेडिओ लावला नाही. रिकाम्या गाडीत, आधी मनात आणि मग मोठ्यानं, ती ते एकच अक्षर म्हणत राहिली, जे वेळेवर म्हणायला तिला एक क्षणसुद्धा लागला नसता.