पहिली असताना दुसरी

“पट्टी आहे का? माझी एसटीत राहिली.”

नगरच्या अभ्यासकेंद्रात पहिल्याच रविवारी मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. हन्नाने वळून पाहिलं आणि... झालं! शेवगावच्या कृपादानने पट्टी घेतली ती तीन वर्षं परत दिलीच नाही. तिने मागितली की हसून म्हणायचा, “पुढच्या रविवारी देतो की. न्हाईतर तू मागं वळशील कशाला?”

मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. हे असं असतं बघा. रोजचं कॉलेज नाही, कॅन्टीन नाही. नोकरी सांभाळायची, पुस्तकं घरी वाचायची, आणि भेट काय ती रविवारच्या वर्गाला. केडगावच्या हन्नाची बी.ए. आधीच झालेली, पण ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर बसायचं तर कॉमर्सची पदवी हवी, म्हणून हा दुसऱ्यांदा घाट. चर्चची उपासना बुडते म्हणून आई धुसफुसायची. हन्नाला मात्र कधी एकदा रविवार उजाडतो असं व्हायचं.

आज शेवटचा पेपर. यापुढे दोघांना भेटायला निमित्तच उरणार नव्हतं. त्यात राहुरीचं स्थळ सांगून आलेलं. आज संध्याकाळी होय की नाही ते कळवायचं होतं. आणि हन्ना पंधरा दिवस कृपादानशी एक शब्द बोलली नव्हती!

बोलणार कशी? जिन्यात तो फोनवर सांगत होता ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. “पहिलीचा काय बी उपयोग झाला न्हाई, आत्या. म्हणून तर दुसरी करतोय.”

पहिली! म्हणजे याचं लग्न झालंय? हन्नाच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या दिवसापासून अन्न गोड लागेना, आणि आज पेपरातले आकडेही डोळ्यांपुढे पोहत होते. कसाबसा पेपर लिहून ती बाहेर पडली.

फाटकापाशी लिंबाखाली कृपादान वाट अडवून उभा.

“हन्ना, माझं काय चुकलं तेवढं सांग... मग जा.”

“पहिलीला विचार.”

“कुठली पहिली?”

“साळसूदपणा पुरे! सोडलीस ना तिला?”

तो गोंधळला. “सोडीन कशाला? घरीच हाय की. आईनं काचंत घालून भिंतीला टांगलीया.”

“टांगली?” हन्ना किंचाळलीच. दोन रिक्षावाले वळून बघायला लागले.

“अगं, बी.ए.ची पदवी! तुला काय वाटलं?”

हन्नाचे कान लालबुंद झाले. स्वतः पहिली असताना दुसरी करणारी ही शहाणी, आणि तिच्या डोक्यात हे येऊ नये! “मला वाटलं...” ती पुटपुटली, “बायको.”

कृपादान हसला नाही. “म्हणून बोलत नव्हतीस? मी म्हटलं, राहुरीचा पसंत पडला. सगळ्या वर्गाला ठाऊक हाय ते स्थळ.”

“तो पसंत असता तर पंधरा दिवस उशीत तोंड खुपसून रडले असते का मी?”

“मग ऐक. मला तू हवीस... बायको म्हणून. पहिली आन् शेवटची.”

हन्नाने ओढणीने डोळे पुसले. लगेच आईला फोन लावला. “आई, राहुरीकरांना नाही म्हणून कळव.”

“का गं? काय झालं?”

तिने फोन सरळ कृपादानच्या हातात ठेवला. बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. “जय ख्रिस्त, मावशी. मी कृपादान... हन्नाच्या वर्गातला. तिला मागणी घालायला आईबापाला घेऊन... कधी येऊ?”

हन्नाने फोनला कान लावला.

“राहुरीकरांना सहा वाजता कळवायचंय मला,” आई सावकाश म्हणाली. “आईवडील कुठे असतात?”

“शेवगावला, मावशी.”

“अरे, मग सहाच्या आत त्यांना घेऊन यायचं सोडून तिथं बोलत काय उभा आहेस?”